मनाची इमर्जन्सी घेऊन आलेलं मूल आणि कॅज्युअल्टीतली सिस्टर

रातपाळी

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. कॅज्युअल्टी आणि मुलांचा वॉर्ड, दोन्हीकडे ड्युटी लागते.

झटके येणारं बाळ आलं तर आमच्याकडे कुणाला काही सांगावं लागत नाही. एकजण बाळाला कुशीवर घेते, एकजण ऑक्सिजन लावते, एकजण शुगर बघते, तोवर डॉक्टर वजनावरून मिडाझोलामचा डोस सांगतात. पण पंधरा-सोळा वर्षांची मुलगी काहीतरी पिऊन आली, किंवा तेरा वर्षांच्या मुलाला चौघांनी धरून आणलं, तर त्या रात्री ड्युटीवर कोण आहे त्यावर सगळं ठरतं. एखादी सिस्टर डोक्यावरून हात फिरवते. एखादी नळी घालता घालता सुनावते, "आईबापाचा तरी विचार करायचा होतास." तेही पडदा न ओढता, सगळ्यांसमोर. नातेवाईक आधीच बोलत असतात, त्यात आपली भर.

माझं म्हणणं असं की त्या पहिल्या दोन-तीन तासांत आपण काय बोलतो, हात कसा लावतो, जवळ कुणाला थांबू देतो, हे सगळं सलाइनइतकंच उपचारात धरलं पाहिजे. ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडायचं नाही. ते शिकवता येतं, कागदावर लिहून ड्युटी रूममध्ये लावता येतं. नर्सिंगला बालरोग वेगळा शिकतो, मानसोपचार वेगळा शिकतो. दोन्ही एकाच खाटेवर आले की काय करायचं, ते ज्याने त्याने आपलं आपण शिकायचं.

इथे नर्सेस, डॉक्टर, पालक बरेच आहेत. तुमच्याकडे काय करतात ते लिहा. एक विनंती: कुणी काय घेतलं, किती घेतलं, कसं केलं, हे तपशील धाग्यावर नकोत. वाचणारं कुणीही असू शकतं. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाला आत्ता स्वतःलाच आधार हवा असेल, तर धागा बाजूला ठेवून १४४१६ लावा. टेलिमानसची ही सरकारी सेवा चोवीस तास असते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पांढराकोट

चांगला विषय. मी कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी शरीराची बाजू लिहितो. ती सुटली तर बाकीचं बोलायला पेशंट राहत नाही.

मूल अचानक असंबद्ध बोलतंय, ओळखत नाही, हवेतलं काहीतरी पकडतंय, मारायला धावतंय; ही तक्रार घेऊन आलेल्या मुलाला 'सायकियाट्री केस' म्हणून कोपऱ्यात ठेवू नका. ताप, शुगर, ऑक्सिजन, नाडी, बाहुल्या, मान ताठ आहे का, डोक्याला मार लागला का, हे आधी बघा. मेंदूज्वर, डेंगी, शुगर कमी होणं, झटक्यानंतरची गुंगी, सगळ्यांची सुरुवात अशी होऊ शकते. खेड्यात धोतऱ्याच्या बिया खाल्लेली मुलं येतात: बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग लाल आणि तापलेलं, बडबड चालू. आधी कधी काही नव्हतं, तासा-दोन तासांत सुरू झालं, मध्येच शुद्धीत येतं, मध्येच भ्रमात जातं, डोळ्यांना नसलेलं दिसतं, असं असेल तर शरीरातलं कारण सापडेपर्यंत शोधायचं. किशोरवयीन मुलींमध्ये मेंदूच्या एका प्रकारच्या सुजेत पहिले काही दिवस फक्त वागणं बदलतं, मग झटके येतात. 'अंगात आलंय' म्हणून त्या मुली आठवडाभर फिरवल्या जातात.

उलटंही होतं. वांतीचं किंवा मनाच्या आजाराचं औषध दिल्यावर एखाद्या मुलाची मान वाकडी होते, डोळे वर जातात, जबडा आवळतो. घरचे घाबरतात, आपल्याकडचे कुणी 'नाटक' म्हणतात. तो औषधाचा दुष्परिणाम आहे, योग्य इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतो. म्हणून 'आज, काल कोणती गोळी दिली?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा.

आणखी एक. घरातल्या साध्यासुध्या वाटणाऱ्या काही गोळ्या जास्त गेल्या तर पहिला दिवस पेशंट अगदी ठणठणीत दिसतो, नंतर यकृत जातं. उतारा लवकर दिला तरच नीट लागू पडतो. त्यामुळे 'छान बोलतेय, घरी न्या' असं कुणीही म्हणू नये. गोळ्या घेतल्या असं मूल स्वतः सांगतंय तर खरं धरायचं.

वऱ्हाडी मास्तर

मी यवतमाळ जिल्ह्यात शिक्षक आहे. दवाखान्यात पोचेपर्यंतचं लिहितो, कारण आमच्याकडे तोच वेळ मोठा असतो.

फवारणीचं औषध पोटात गेलं की गावात पहिलं काम होतं ते मिठाचं पाणी पाजून ओकवायचं. कुणी शेण कालवून पाजतं. वर्गातल्या मोठ्या पोरांना मी दरवर्षी सांगतो की हे करू नका. ओकताना तेच श्वासनळीत जातं. अंगावरचे भिजलेले कपडे काढा, अंग भरपूर पाण्यानं धुवा, धुणाऱ्यानं हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी. बेशुद्ध असेल तर एका कुशीवर. बाटली किंवा पुडा सोबत न्या, डॉक्टरला नाव कळलं की वेळ वाचतो. १०८ लावा.

एक शंका आहे. आमच्याकडे लोक पोलिस केसच्या भीतीनं मुलाला सरकारी दवाखान्यात नेतच नाहीत. खासगीत नेतात, तिथेही 'चुकून प्यायला' सांगतात. खरंच गुन्हा दाखल होतो का?

नीलमोहर

मास्तर, तुमच्या शंकेचं उत्तर कायद्यातच आहे. मी मानसोपचार नर्सिंगमध्ये आहे, रोज हेच समजावते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमल २०१८ पासून. त्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही. उलट तिला उपचार आणि आधार देणं सरकारवर बंधनकारक आहे. जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत उरलंच नाही. सरकारी कर्मचाऱ्याला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी असा प्रयत्न करणं एवढाच वेगळा गुन्हा ठेवला आहे. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद दवाखाना करतो, पोलिस जबाब घ्यायला येतात, ते खरं. पण नोंद झाली म्हणजे मुलावर गुन्हा लागला असं नाही. आणि जबाबासाठी उपचार थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितलं आहे की आधी जीव, मग कागद.

'मुलावर गुन्हा लागत नाही, जबाबासाठी उपचार थांबत नाहीत', ही दोन वाक्यं सिस्टरने दारातच नातेवाइकांना सांगावीत. ती ऐकली की बापाचे खांदे खाली येतात आणि तो खरं सांगायला लागतो. मग डॉक्टरलाही खरा इतिहास मिळतो.

आता भडकलेल्या पेशंटला बांधण्याबद्दल. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने गेले. आमच्या पिढीला मानसोपचार शिकवताना ती घटना सांगतातच. आज साखळी कोणत्याही कारणाने चालत नाही. शरीर जखडायला परवानगी आहे ती फक्त तत्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, गरजेपुरती, मानसोपचारतज्ज्ञाच्या आदेशाने, कारण आणि वेळ कागदावर लिहून. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही. एकटं कोंडून ठेवायला पूर्ण बंदी. आणि त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ९७ मध्ये हेही स्पष्ट आहे की स्टाफ कमी आहे एवढ्या कारणावरून कुणाला बांधायचं नाही.

बांधायची वेळ टळावी म्हणून आधी काय करतो ते लिहिते. बोलणारा एकच माणूस, बाकी सगळे गप्प. हाताच्या अंतराच्या बाहेर, थोडं तिरकं उभं राहायचं. मूल असेल तर स्टुलावर बसायचं म्हणजे आपण वरून बोलत नाही. त्याची दाराकडची वाट अडवायची नाही, आपलीही मोकळी ठेवायची. गळ्यातला स्टेथोस्कोप आणि ओळखपत्राची दोरी काढून खिशात. ट्रेमधली कात्री, सुया बाजूला. आवाज हळू, वाक्य छोटं, मग थांबायचं. 'शांत हो' म्हणून कुणी शांत होत नाही. 'तुला पाणी देऊ का, इथे बसतोस की तिथे?' असं काहीतरी निवडायला दिलं की बऱ्याचदा ताण उतरतो, कारण तोवर त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं.

तरीही इंजेक्शन लागलं तर लागलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधला २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच प्रश्नावर आहे. त्यात हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन जोडीने भडकलेले पेशंट लोराझेपामपेक्षा लवकर शांत झोपले. पण ती मोठी माणसं होती. मुलांत डोस वजनावर, आणि काही मुलं शांत करायच्या गोळीनेच जास्त उसळतात. इंजेक्शननंतरचं काम पूर्ण नर्सिंगचं आहे: पालथं दाबून धरायचं नाही, श्वास, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब दर पंधरा मिनिटांनी लिहायचा. झोपलं म्हणून सगळे चहाला गेले, असं झालं तर घात होतो.

इन्चार्ज_ताई

नीलमोहर, कायदा मान्य. पण रात्रीच्या ड्युटीला एक सिस्टर, एक मावशी (वॉर्डातली आया) आणि भरलेला वॉर्ड, त्यात बाजूला डिलिव्हरी आलेली. अशा वेळी सोळा वर्षांच्या मुलीजवळ सतत कुणी बसायचं? हे धागे वाचून नवीन मुलींना वाटतं आपणच कमी पडतो. त्या कमी पडत नाहीत, माणसं कमी आहेत. हे आधी लिहायला हवं होतं.

रातपाळी

ताई, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य, आणि ते वरपर्यंत लेखी जायला हवं. आम्ही प्रत्येक अशा केसला ड्युटी रिपोर्टमध्ये 'सतत निरीक्षणाची गरज, उपलब्ध कर्मचारी इतके' असं लिहायला सुरुवात केली आहे. लिहिलेलं नसेल तर वर गरज दिसतच नाही.

तोवर जे हातात आहे ते असं. खाट नर्सिंग स्टेशनच्या समोरची, खिडकीजवळची किंवा टोकाची कधीच नाही. फिनेलची बाटली, ब्लेड, जादा सलाइन सेट, ओढणी, मोबाइलच्या चार्जरची वायर जवळून काढायची. संडासाची आतली कडी लावायची नाही, बाहेर कुणीतरी थांबायचं. हे सगळं मुलीला सांगून करायचं: 'तुझ्यावर संशय म्हणून काढत नाही, आज रात्री तू सुरक्षित राहावीस म्हणून काढतेय.'

आणि नातेवाईक. आपण 'लक्ष ठेवा' म्हणून निघून जातो, पण कशावर लक्ष, ते सांगत नाही. मी आता एकाच नातेवाइकाला बाजूला घेते, जो त्यातल्या त्यात थंड डोक्याचा असेल त्याला. झोपायचं नाही, संडासाला सोबत जायचं, आत्ता कारण विचारायचं नाही, रागवायचं नाही, उठून जायचं असेल तर मला सांगून जायचं. जो भांडतोय त्याला बाहेर चहाला पाठवते. वॉर्डातल्या मावशी आणि मामांनाही हेच शिकवलंय. आमच्या एक मावशी पोरांशी इतकं छान बोलतात की डॉक्टरही आधी त्यांना हाक मारतात.

इन्चार्ज_ताई

निरीक्षणाची गरज लिहून ठेवायचं हे आवडलं. आमच्याकडे सुरू करते.

शांतिनिवास

मी नर्स नाही. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, अकरा वर्षांचा, बोलत नाही. हा धागा मुलांचा आहे म्हणून लिहिते.

त्याचा हात मोडला तेव्हा आम्ही एका मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत होतो. पांढरे दिवे, मॉनिटरचे आवाज, चार अनोळखी माणसं एकदम जवळ. तो डोकं आपटायला लागला. त्यांनी मला बाहेर काढलं आणि त्याला धरलं. त्या खोलीत त्याला समजून घेणारी मी एकटीच होते, आणि मलाच बाहेर काढलं.

पुढच्या वेळी, दुसरीकडे, एका ब्रदरनी आत येण्याआधी मला विचारलं: त्याला काय आवडतं, काय अजिबात चालत नाही, दुखलं की तो कसं दाखवतो? अर्धे दिवे बंद केले. मॉनिटरचा आवाज कमी केला. बीपीचा पट्टा आधी माझ्या हाताला, मग त्याच्या टेडीला, मग त्याला. थोडा वेळ जास्त लागला असेल, पण धरावं लागलं नाही.

सगळ्या सिस्टर-ब्रदरना विनंती आहे, तेवढं विचारा. आणि अशा मुलाचं वागणं अचानक बिघडलं तर दात, कान, पोट, बद्धकोष्ठ तपासायला सांगा. त्याला 'दुखतंय' म्हणता येत नाही, म्हणून तो चावतो.

पांढराकोट

शांतिनिवास, शेवटचा मुद्दा आमच्या प्रत्येक इंटर्नला वाचून दाखवणार आहे. मुलांच्या ट्रायेजमध्ये (आधी कुणाला बघायचं ते ठरवताना) आपण दारातूनच, हात न लावता तीन गोष्टी बघतो: मूल एकूण कसं दिसतंय आणि आपल्याकडे बघतंय का, श्वास कसा चाललाय, कातडीचा रंग कसा आहे. चवताळलेल्या किंवा घाबरलेल्या मुलातही हे जमतं. हे ठीक असेल तर घाई नको. पाच मिनिटं आईच्या मांडीवर बसू दे, काही बिघडत नाही.

अबोली१९

धाग्यात विचारायला संकोच वाटतोय. माझी भाची सध्या गप्प गप्प असते. तिला थेट विचारावं का, की मरावंसं वाटतं का? विचारल्याने डोक्यात नसलेलं डोक्यात आलं तर?

मंजिरी_लीड्स

अबोली, विचारल्याने विचार येत नाही. हे अनेक अभ्यासांत तपासलं गेलंय. ज्याच्या डोक्यात ते आधीच आहे त्याला कुणीतरी नाव घेऊन विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं.

मी इंग्लंडमध्ये मुलांच्या इमर्जन्सीत नर्स आहे, शिकले सांगलीला. कॅज्युअल्टीसाठी अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तयार केलेली चार छोट्या प्रश्नांची यादी आहे. गेल्या काही आठवड्यांत आपण नसतो तर बरं असं वाटलं का, आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल असं वाटलं का, स्वतःला संपवायचे विचार आले का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. एकाला जरी 'हो' आलं तर पाचवा: आत्ता, या क्षणी तसे विचार आहेत का? अर्ध्या मिनिटाचं काम. पोटदुखी म्हणून आलेल्या किशोरवयीन मुलालाही विचारता येतं. मी मराठी घरातल्या मुलांना इथे मराठीत विचारते, तेव्हा उत्तर वेगळं येतं.

महत्त्वाचं म्हणजे हे आईवडिलांना नम्रपणे बाहेर बसवून विचारायचं. 'आम्ही या वयाच्या सगळ्यांशी थोडं एकट्याने बोलतो', एवढं पुरतं. आणि मुलाला आधीच सांगायचं की काही गोष्टी माझ्याजवळ राहतील, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल. गुप्त ठेवीन म्हणून वचन द्यायचं आणि मग मोडायचं, असं नको. भारतात लैंगिक अत्याचाराचं मुलाने सांगितलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारकच आहे. त्यासाठी त्याच्याकडून चार वेळा तीच हकिकत वदवून घेऊ नका, पहिल्याच वेळी त्याच्या शब्दांत नोंदवा.

एक इशारा. इथे २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साफ सांगितलंय की गुण देऊन 'धोका कमी, धोका जास्त' असं भाकीत करणाऱ्या तक्त्यांवर घरी सोडायचं की नाही हे ठरवू नका. प्रश्न विचारायचे ते बोलणं सुरू व्हावं म्हणून. अबोली, भाचीला आज विचारा, आणि 'हो' म्हणाली तर तिला एकटं सोडू नका. १४४१६ ला नातेवाईकही फोन करू शकतात.

तेव्हाची_मी

वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं. सतरा वर्षांची असताना मीही अशीच आणलेली होते.

एक सिस्टर होत्या. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायच्या. 'आता सुई टोचते.' 'आता कपडे बदलूया, मी पडदा ओढलाय.' कारण विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर येऊन म्हणाल्या, 'आज रात्री दुसऱ्या सिस्टर आहेत, त्यांना मी तुझ्याबद्दल सांगितलंय, तुला परत पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.' मला आज तिसाव्या वर्षी त्यांचं हे वाक्य जसंच्या तसं आठवतं. डिस्चार्जच्या दिवशी मात्र एक कागद मिळाला आणि घरी गेलो. घरी कुणी त्या विषयावर बोललं नाही. मला सगळ्यात जड गेले ते त्यानंतरचे आठवडे.

नीलमोहर

तेव्हाची_मी, लिहिलंत म्हणून खूप आभार. शेवटचं वाक्य आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्यावर काम होत नाही. आधीचा प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सगळ्यात मोठी खूण, आणि डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे सगळ्यात नाजूक.

यावर जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच देशांतली इमर्जन्सी केंद्रं होती, त्यात आपलं चेन्नईही. १,८६७ पेशंट. निम्म्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना त्याशिवाय डिस्चार्जच्या वेळी तासभर बोलणं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. कसे आहात, काही हवंय का, एवढंच. दीड वर्षाने नेहमीच्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले होते, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. महागडं यंत्र नाही, नवीन औषध नाही. नर्सला करता येण्यासारखं काम आहे.

रातपाळी

हे माहीत नव्हतं. आमच्याकडे बाळंतिणींसाठी, लसीकरणासाठी फॉलोअपचं रजिस्टर आहे. त्याच धर्तीवर एक वही का नको? पेशंट आणि पालकांची परवानगी घेऊन नंबर लिहायचा, कुणाला फोन केलेला चालेल तेही विचारायचं (घरातच त्रास असेल तर बापाचा नंबर उपयोगाचा नाही). जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमची पुढची भेट कधी, ती तारीख डिस्चार्ज कार्डावर. आणि घरी जाण्याआधी पालकांशी एकच स्पष्ट बोलणं: फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांकडे.

वऱ्हाडी मास्तर, शाळेत परत आल्यावर काय करावं यावर तुम्ही लिहाल का? तिथे आमचा हात पोचत नाही.

वऱ्हाडी मास्तर

लिहितो सविस्तर, परीक्षा संपल्या की. तूर्तास एवढंच: पोरगं परत आलं की वर्गात विषय काढू नये, हजेरीत नेहमीसारखं नाव घ्यावं, आणि ज्या एका शिक्षकाशी ते बोलतं त्यानं रोज मधल्या सुट्टीत पाच मिनिटं काढावीत. बुडालेला अभ्यास लगेच मागू नये.

इन्चार्ज_ताई

रातपाळी, त्या वहीचा नमुना तयार झाला की इथेच टाका. रकाने कमी ठेवा, नाहीतर रात्री कुणी भरणार नाही. नाव, वय, फोन कुणाला, पहिला फोन कधी, काय म्हणाले, पुढचा कधी. आणि पहिला फोन डिस्चार्जनंतर आठवड्याच्या आत, शक्यतो ज्या सिस्टरला ते मूल ओळखतं तिनेच करायचा.